भिंतीला टेकून उभे राहा, नाना

नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा थोरलीला ती नकोच होती. आधीची छोटी गाडी तिच्या अंगवळणी पडली होती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती, दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचा हात बसला होता; पण या नव्या पांढऱ्या गाडीचा अंदाज काही केल्या तिला येईना. बॉनेट कुठं संपतं ते दिसायचं नाही. मागच्या काचेतून फक्त आभाळ दिसायचं. स्वतःच्या इमारतीच्या आवारात गाडी लावतानाही तिच्या हाताला घाम सुटायचा.

"नानांचे गुडघे बघ ना," नवरा म्हणाला होता. "छोट्या गाडीत किती वाकावं लागतं त्यांना. या गाडीत सरळ आत सरकायचं."

हे खरंच होतं, त्यामुळं तिला बोलायला जागा उरली नाही.

नाना म्हणजे तिचे वडील. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. आई गेल्यावर ते थोरलीकडं राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली. ती लहान असल्यापासून ते मारत आलेली "थोरले" ही हाक मग घरभर पसरली आणि नवराही तिला त्याच नावानं बोलवायला लागला. गेल्या वर्षापासून मात्र नानांचं काहीतरी बिनसलं होतं. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. एकदा आंघोळीला गेले ते अर्धा तास बादलीपुढं नुसतेच बसून राहिले. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ तीन महिन्यांनी मिळाली, मंगळवारी अकराची. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला, म्हणून थोरलीनं सुट्टी टाकली, नानांच्या शर्टाची बटणं लावली आणि दोघं निघाली.

दवाखान्याच्या इमारतीखाली पार्किंगचे दोन मजले होते. गाड्या छोट्या होत्या त्या काळात बांधलेले. पिवळे पट्टे पुन्हा पुन्हा रंगवले होते, पण होते तिथंच. दोन पट्ट्यांमधली गाडी आता एखाद्या जाड माणसाला धाकट्या भावाचा कोट घातल्यासारखी दिसत होती. प्रत्येक गाडी कुठून ना कुठून बाहेर आलेली.

"वरच्या मजल्यावर एखादी जागा रिकामी असेल तर बघा," फाटकावरचा माणूस म्हणाला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि आवाज बसलेला होता. "खाली तर मुंगीलाही जागा नाही."

थोरलीनं तीन फेऱ्या मारल्या. पुढचा रस्ता एकाच दिशेचा, बाण दाखवील तसं जायचं. नाना शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि दर वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"डावीकडं जास्त चाललीस."

"हो नाना."

"आरशात बघ. आरसा कशाला दिलाय?"

"बघतेय नाना."

अकराला बारा मिनिटं होती तेव्हा एक जागा सापडली. एका बाजूला जाडजूड खांब, दुसऱ्या बाजूला पट्ट्यावर चाक ठेवून उभी असलेली काळी गाडी. गाडी आत गेली की नानांच्या बाजूचं दार उघडणं शक्यच नव्हतं. थोरलीनं गाडी थांबवली, खाली उतरली, नानांना हात देऊन उतरवलं आणि समोरच्या भिंतीपाशी नेलं.

"इथं भिंतीला टेकून उभे राहा, नाना. दोन मिनिटं. मी गाडी लावते आणि आलेच. हलायचं नाही हं."

"मी काय लहान आहे का?" नाना म्हणाले. मग भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहिले.

पहिल्या प्रयत्नात गाडी आत गेली, पण तिच्या बाजूचं दार चार बोटंच उघडलं. थोरलीनं पोट आत ओढलं, एक पाय बाहेर काढून बघितला, परत आत घेतला. गाडी बाहेर काढून खांबाच्या बाजूला थोडी जास्त सरकवायची असं तिनं ठरवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं लाल झालेलं, टीं टीं टीं थांबेना, आणि त्या आवाजात नेमकं कुठल्या बाजूचं काय सांगतंय तेच तिला कळेना. मग मागच्या दारापासून चाकापर्यंत करकरत खांब घासत गेला. तो आवाज तिला दातांत जाणवला.

मागं एक करडी व्हॅन येऊन उभी राहिली होती. तिच्यामागं आणखी गाड्या. हॉर्न सुरू झाला. छत इतकं खाली की एका हॉर्नचे दहा होत होते.

व्हॅनवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ताई, जमत नसेल तर पुढं घ्या ना! किती वेळ?"

"अहो, माझे वडील तिथं..." थोरली ओरडली, पण काच वर होती. ती खाली करायचं बटण घाईत सापडेना, दुसऱ्याच दाराची काच खाली गेली. पुन्हा हॉर्न. आता तीन-चार जणांचा एकत्र.

तिला काही सुचेना. तिनं नानांकडं बघून हाताचा पंजा दाखवला: थांबा. नानांनीही पंजा वर केला. तिनं गाडी पुढं घेतली.

बाण खाली जात होता. उतारावरून खालच्या मजल्यावर, तिथून पूर्ण वळसा, मग दुसऱ्या चढावरून परत वर. मिनिटभराचं काम, असं ती स्वतःला सांगत होती. पण खाली कुणीतरी गाडी बाहेर काढत होतं: पुढं, मागं, परत पुढं. थोरलीनं हॉर्नवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. ज्याचा तिला एवढा राग आला होता तेच आपण करतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही.

ती वर आली तेव्हा त्या जागेत एक छोटी हिरवी गाडी ऐटीत उभी होती आणि भिंत रिकामी होती.

गाडी रस्त्यातच टाकून थोरली धावली. खांबांच्या मागं बघितलं, गाड्यांच्या मधल्या फटींत बघितलं. "नाना!" म्हणून हाक मारली तर सगळ्या मजल्यानं ती परत केली. नानांचा फोन तिच्याच पर्समध्ये होता.

शिट्टीवाला पळत आला. "अशी मधोमध गाडी टाकून कुठं चाललात? काय घर आहे का?"

"माझे वडील हरवलेत. इथं उभे केले होते. त्यांना आठवत नाही काही."

त्याचा चेहरा एकदम बदलला. कमरेचा वॉकीटॉकी काढला. "कपडे कसले आहेत?"

थोरलीनं तोंड उघडलं आणि तिला सांगताच येईना. शर्ट निळा की राखाडी? सकाळी तिनंच तर घातला होता. डोळ्यांसमोर फक्त बटणं येत होती, पांढरी, चार भोकांची, त्यातलं तिसरं सैल झालेलं.

"उंच आहेत," ती म्हणाली. "ताठ चालतात. बसचे ड्रायव्हर होते." आणि मग तिला रडू फुटलं.

"रडू नका, ताई. उजेडाकडं गेले असतील, वरच्या फाटकाकडं. म्हातारी माणसं तिकडंच जातात."

दोघं जिन्यानं वर धावली. फाटकापाशी कुणी नव्हतं. थोरली रस्त्यापर्यंत जाऊन आली. तेवढ्यात त्याच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला: खालच्या उतारावर एक आजोबा पडलेत, सगळ्या गाड्या अडकल्यात, लवकर या.

उताराच्या वळणावर तीच करडी व्हॅन आडवी उभी होती, चारी दिवे लुकलुकत. व्हॅनवाला रस्त्यात उभा राहून दोन्ही हातांनी गाड्या अडवत होता. व्हॅनच्या उघड्या दारात, पायरीवर नाना बसले होते. एक बूट पायात नव्हता. तळहात खरचटून रक्त आलं होतं, त्यावर कुणीतरी रुमाल गुंडाळला होता.

"तुम्ही त्यांच्या कोण?" व्हॅनवाल्यानं विचारलं, आणि मग त्यानं तिला ओळखलं. त्याची नजर खाली गेली. "तुम्ही गेल्यावर मी पण तिथं व्हॅन घालायचा प्रयत्न केला. नाही जमलं. म्हणून खाली निघालो, तर हे उताराच्या मधोमध चाललेले. भराभर. हात वर करून, चुकलेल्या बसमागं धावतात ना, तसे. मी हॉर्न वाजवला, ताई. आधी हॉर्नच वाजवला मी. ते दचकून वळले आणि पाय मुरगळला त्यांचा."

थोरली नानांपुढं गुडघ्यांवर बसली. नानांनी तिच्याकडं बघितलं, अनोळखी बाईकडं बघतात तसं, अदबीनं.

"बाई, जरा मदत करा हो," ते म्हणाले. "पांढऱ्या गाडीत माझी मुलगी आहे. मला न घेताच गेली. तिला म्हणावं, मी पुढच्या स्टॉपवर थांबतो."

"नाना, मीच आहे ना. थोरली."

त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि नाइलाजानं मान हलवली. "नाही हो. तिच्या दोन वेण्या आहेत."

मागं कुणीतरी हॉर्न दिला. व्हॅनवाला गर्रकन वळला आणि घसा फोडून ओरडला, "थांब ना रे जरा! माणूस पडलाय इथं!"

थोरलीनं त्यांच्या हातावरचा रुमाल नीट केला. "बरं," ती म्हणाली. "आपण बोलावू तिला. तोवर मी बसते तुमच्यापाशी."

तिनं बूट शोधून आणला आणि त्यांच्या पायात घातला. तिची गाडी शिट्टीवाल्यानं कुठंतरी सामान उतरवायच्या जागेत नेऊन लावली. व्हॅनवाल्यानं नानांना दुसऱ्या बाजूनं धरलं आणि तिघं लिफ्टपर्यंत आली. लिफ्टमध्ये पांढराफटक उजेड होता. दुसरा मजला आला तेव्हा नाना रुमालाकडं बघत म्हणाले, "थोरले, हाताला काय लागलं गं माझ्या?"

तिनं भिंतीचा आधार घेतला. "पडलात जरा, नाना."

डॉक्टरांकडं नंबर लावणाऱ्या बाईंनी चाळीस मिनिटांचा उशीर पोटात घातला. नर्सनं हात धुऊन पट्टी बांधली. डॉक्टरांनी वार विचारला, वर्ष विचारलं, घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी सुंदर गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मग थोरलीला एकटीला बोलावून डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ती ते ऐकायच्या तयारीनंच गेली होती. तयारी नव्हती ती पुढच्या वाक्याची.

"यापुढं त्यांना बाहेर एकटं सोडायचं नाही. एक मिनिटही."

संध्याकाळी नवरा आला तो खालीच थांबला. थोरली उतरून गेली तेव्हा तो वाकून ओरखड्यावरून बोट फिरवत होता.

"केवढं लांब गेलंय गं हे."

"माझा बाप उतारावर पडलाय," थोरली म्हणाली, "आणि तू पत्रा चाचपत बसलायस?"

तो सरळ उभा राहिला. "पडले? कधी? फोनवर तू फक्त गाडी घासली म्हणालीस."

ते खरं होतं. फोनवर तिच्या तोंडून तेवढंच निघालं होतं. बाकीचं तिनं आता सांगितलं, तिथंच, गाडीला टेकून. वेण्यांचंही सांगितलं. "त्यांच्यासाठीच घेतली होती गं," एवढंच नवरा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. थोरलीला त्याचीही कीव आली.

जेवणानंतर नानांनी तिला हाक मारली. त्यांचा आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा. असे तास अजून येत असत.

"आज काय झालं ते मला खरं सांग. गोड करून सांगू नकोस."

तिनं सांगितलं. उताराचं सांगताना ते खाली बघत होते. मग म्हणाले, "वही आण. गाडी कुठं लागली की आम्हाला लिहून द्यावं लागायचं. तारीख, वेळ, ठिकाण, प्रकार. लिही. उद्या माझ्या लक्षात राहणार नाही."

ती लिहू लागली. शेवटी नाना म्हणाले, "चूक कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली. "मी तुम्हाला सोडून गेले."

"मागून हॉर्न होता ना? मग गाडी पुढं घ्यावीच लागते. चौतीस वर्षं तेच केलं मी." त्यांनी बोट वहीवर टेकवलं. "लिही: प्रवासी सांगितलेली जागा सोडून गेला."

"मी नाही असलं काही लिहिणार."

"थोरले."

"नाही म्हटलं ना, नाना!"

तेव्हा त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि पट्टी बांधलेल्या हातानं ते वाक्य स्वतः लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढत होती. एका शब्दापाशी ते अडले, विचारलं नाही, वाट बघत राहिले, आणि शब्द आला. खाली सही केली. थोरली बघत राहिली. तिला ते खोडायचं होतं. पण उद्या सकाळी स्वतःचं अक्षर त्यांना ओळखू येईल, या आशेवर तिनं वही मिटली आणि त्यांच्या उशाशी ठेवली.

पुढच्या महिन्यापासून तिनं दुकानात अर्धाच दिवस घ्यायला सुरुवात केली. दवाखान्यात जायचं असलं की नवरा सुट्टी घेतो, दोघांना फाटकाशी उतरवतो आणि स्वतः गाडी घेऊन फिरत राहतो. कधी जागा मिळते, कधी मिळत नाही. थोरली नानांचा हात धरून आत जाते. कधी कधी नाना मध्येच थांबतात आणि गाडी गेल्यावर बंद होणाऱ्या फाटकाकडं बघत विचारतात, "ती गाडी आपली होती का?" थोरली सांगते, होती. ते पुन्हा विचारतात. ती पुन्हा सांगते.