होडीचा पोळा

यज्ञेश्वररावांच्या मनातला नफा साधा होता: शेवाळ दुसऱ्यांनी खरवडायचं आणि लेकीची शाबासकी यांनी घ्यायची.

तहसीलीतून निवृत्त झाल्यावर माणूस शेत घेतो. यांनी शिडाची छोटी होडी घेतली. बेंबळा धरणाच्या काठाशी खांब रोवून धक्का केला, तिथं ती बारमाही पाण्यात बांधलेली. पाण्यातली होडी म्हणजे दावणीची म्हैस, रोज हात फिरवावा लागतो. हे लांबूनच कौतुक करत. बुडाला शेवाळाची गोधडी चढली, सुकाणू जाम झालं, शीड फुगलं तरी होडी जागची हलेना. आणि पोळ्याला लेक मिताली पुण्याहून येणार, एका दिवसापुरती, होडीत फिरायला. मागच्या दोन्ही खेपांना यांनी "वारा नाही" म्हणून वेळ मारून नेली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरोघरी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायची तयारी चाललेली असताना, हे मासेमारांसमोर उभे राहिले.

"माझ्याकडं बैल नाही. ही होडीच माझा बैल. हिचीही खांदशेकणी करू या. उद्या पुरणपोळी माझ्याकडं!"

मासळीचा बाजार सांभाळणाऱ्या मैनाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. "चाला रे, साहेबाचा बैल धुवा."

मंडळींनी होडी काठावर ओढली, काथ्यानं बूड घासलं, सुकाणूत तेल सोडलं. मैनाबाईनं होडीच्या नाकाडावर हळद लावली आणि बैलाला देतात तसं तिलाही आवतण दिलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली. होडी पुन्हा पाण्यात सोडली, मिताली तिच्यात बसली. यज्ञेश्वररावांनी शिडाची दोरी धरली, तशी मैनाबाई ओरडली.

"हे काय करून राह्यले साहेब? पोळ्याच्या दिवशी बैल जुंपते काय कोनी?"

"अहो, होडी आहे ती!"

"काल तं बैल होता. जेवन झालं, का जात बदलली?"

सगळा काठ हसला. यज्ञेश्वररावांचा चेहरा उतरला. "मिताली उद्या जाणार हो."

"मंग फिरवा न, कोन नाही म्हनते? पोळ्यात बैलाले मालकच नेते, कासरा धरून."

साहेबांनी पँट दुमडली, पाण्यात उतरताच ती भिजली. दोर खांद्यावर घेऊन ते काठाकाठानं निघाले. घासलेली होडी लोण्यासारखी सरकली. इतकी वर्षं होडीला सवत म्हणणाऱ्या सुचित्राबाईसुद्धा चढून बसल्या.

"अहो, सावकाश ओढा. पुरण हलतंय पोटात!"

मितालीला हसू आवरेना. "बाबा, अजून एक फेरी!"

तर हिशोब असा. मंडळींना जेवण मिळालं, होडीला सुटी, लेकीला सफर. सुचित्राबाईंनी चुलीपाशी गाळलेला घाम बसल्या जागी वसूल केला. बाकी सगळं यज्ञेश्वररावांनी भरलं, कंबरभर पाण्यात, हसत हसत.