दहा तारखेचा जिना

"चपला खालीच! अन् कठडा धरून चढा, पडलात तर मी नाही उचलणार."

प्रमोदिनीकाकूंचा हा हुकूम दर महिन्याच्या दहा तारखेला सुटायचा. देवगाव रंगारीजवळच्या त्या वाडीत फोनची रेंज आणि इंटरनेट यायचं ते फक्त काकूंच्या गच्चीवर. गावोगाव बँकेचे पैसे वाटणारी करुणा मशीन घेऊन तिथं बसायची आणि निराधार योजनेचे पैसे घ्यायला म्हातारी माणसं बावीस पायऱ्या चढायची. अंगठा मशीनवर टेकवायला ज्याचं त्यानंच जावं लागतं, त्याला इलाज नव्हता.

जिना घरातून होता. काकूंचे यजमान तलाठी असताना बौद्ध वस्तीतलं माणूस ओसरी ओलांडून आत आलं नव्हतं. आता त्याच वस्तीतली भामाबाई स्वयंपाकघरावरून वर जायची. काकू पहिल्या महिन्यात कुरकुरल्या. दुसऱ्या महिन्यात टँकरच्या पाण्याचा एक माठ त्यांनी गच्चीवर ठेवला. पुढं पुढं तर नऊ तारखेलाच गच्ची झाडायला लागल्या. माठातलं पाणी सगळे पीत. भामाबाई मात्र आपली बाटली आणायची. तरुणपणी तिला याच ओसरीवर वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं, तेही काकूंनीच. काकू हे विसरल्या नव्हत्या, पण बोलायची हिंमत होत नव्हती.

"आई, इकडं शहरात गारखेड्याला चल. दुष्काळात एकटी काय करतेस तिथं?" हिमांशू फोनवर विचारायचा.

"माझ्या गच्चीवर बँक भरते," काकू ऐटीत सांगायच्या.

मग चैत्रात मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि वाडीभर रेंज आली.

त्या दहा तारखेला अकरा वाजले तरी जिना वाजला नाही. करुणा बुद्धविहाराच्या ओट्यावर बसली होती, सगळे तिथंच गेले होते. हिमांशूचा फोन आता थेट स्वयंपाकघरात आला. "आता तर संपलं ना? रविवारी गाडी घेऊन येतो."

काकूंना रडू फुटलं. म्हाताऱ्यांचे गुडघे जिन्यातून सुटले याचं आपल्याला वाईट वाटतंय, म्हणून स्वतःची लाजही वाटली. त्यांनी डोळे पुसले, आधारकार्ड घेतलं आणि भर उन्हात विहाराकडं निघाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांना पाहून ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. काकू पायरीशी घुटमळल्या.

"चपला तिथंच काढा, बाई," भामाबाई म्हणाली. "अन् खांब धरून चढा. पडलात तर म्या नाय उचलनार."

सगळे हसले. काकूही हसल्या. भामाबाईनं सतरंजीवर सरकून जागा केली आणि बाटलीचं झाकण उघडलं.

"घ्या. लई ऊन लागलंय तुम्हाला."

काकूंनी बाटली तोंडाला लावली. अर्धी संपेपर्यंत खाली घेतली नाही.

त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी आला. अंगठा जुळला.

"किती काढू, काकू?"

"शंभर."

करुणा बघतच राहिली. "एवढेच? खात्यात लई हायेत."

"एवढेच. पुढच्या दहाला परत यायला नको का?"

शंभराची नोट त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उठायची घाई न करता तिथंच बसून राहिल्या.