दहा वेळा लिहिलेलं उत्तर

शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायला दोनच दिवस उरले आणि सुलेखा मॅडमच्या जिवाला घोर लागला. छावणी भागातल्या घरातून स्कूटीवर फुलंब्री रस्त्यावरच्या शाळेत येईपर्यंत कोणता धडा राहिला, कोणता पोरगा कच्चा, हेच डोक्यात. शाळेत पाय ठेवला की मुख्याध्यापक शिवराज सर विचारणार, "मॅडम, वीस नावं निघाली का?" वर्गात पोरं चौतीस, पण निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून फॉर्म भरायचे फक्त वीस जणांचे!

समजावत बसायला वेळ कुणाला? मॅडमनी रीत बांधून दिली होती: आधी एकाचं काढा, मग गुणा. "डोकं चालवू नका, रीत चालवा!" हे दिवसातून दहादा. निवड चाचणीतही त्यांनी घाईघाईत गाइडातलंच एक गणित शब्द बदलून घातलं. एका शेगडीवर पन्नास मुलांची खिचडी चाळीस मिनिटांत होते, तर दोन शेगड्यांवर शंभर मुलांची किती वेळात होईल?

तेहतीस जणांनी ऐंशी लिहिलं. मॅडमचंही उत्तर ऐंशीच. एकट्या राजनंदिनीनं शेजारी शेजारी दोन शेगड्या काढल्या, वर दोन पातेली ठेवली आणि खाली लिहिलं, चाळीस. मॅडमनी लाल फुली मारली. "रीत कुठंय? दुरुस्ती दहा वेळा लिहून आण." तेवढ्या दोन गुणांनी पोरीचं नाव विसातून गेलं.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन त्या ऑफिसकडे निघाल्या. वाटेत शाळेची खिचडी शिजते ती शेड लागली. मधली सुट्टी जवळ आलेली, म्हणून त्यांनी स्वयंपाकीणबाईंना सहज हटकलं, "कडूबाई, आज शंभर पोरं आहेत. होईल ना वेळेत?"

"व्हईल की! दोन्ही शेगड्या पेटवल्यात. चाळीस मिन्टांत उतरवते."

"अहो, पोरं दुप्पट, मग वेळ..."

"दुसरी शेगडी काय पहिलीची वाट बघत बसती व्हय, मॅडम?" कडूबाई खो खो हसल्या.

मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली! हातातली यादी एकदम जड वाटायला लागली. "मला कसं सुचलं नाही हो?" त्या पुटपुटल्या.

"घाई, दुसरं काय! माझ्याकडं नवी बाई आली की मी आधी माप सांगत नाय. पातेल्यात काय चाललंय ते बघ म्हणते. बघायला शिकली की माप तिचं तिला गावतं. नुसतं माप पाठ केलेली बाई लई येळा भात करपवते."

मॅडम तशाच वर्गाकडे माघारी फिरल्या आणि राजनंदिनीची वही मागितली. दहा ओळी, दहा वेळा ऐंशी. वळणदार अक्षर, शेगड्या मात्र खोडरबरानं पुसलेल्या.

"हे तुला पटलं का गं?"

"नाय मॅडम."

"मग लिहिलंस कशाला?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "तुम्हीच म्हनले ना, डोकं चालवू नका."

मॅडमना रडू कोसळलं. चूक एका गणिताची असती तर खोडता आली असती. इथं तर बरोबर विचार करणाऱ्या लेकराला त्यांनी चूक लिहायला शिकवलं होतं!

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझं उत्तर चुकलं. राजनंदिनीचं बरोबर आहे.' वर्गात कल्लोळ उठला. "पण गाइडात अशीच रीत हाय!" असं ओरडत गोकुळ उभा राहिला, फळ्याकडं बघत थांबला आणि म्हणाला, "मॅडम, एकच शेगडी असती, तर?" वर्षभरात त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

दुपारी मॅडमनी शिवराज सरांसमोर यादी फाडली. "चौतीस फॉर्म भरायचे, सर."

"निकाल घसरला तर?"

"माझ्या नावावर घाला. पण ज्या पोरीला एकटीला गणित कळलं, तिलाच मी घरी बसवत होते!"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी आणखी चौदा फॉर्म पुढे सरकवले.

वाचकहो, आपल्या घरीही रोज वह्या तपासल्या जातात. रीत हवीच, पण ती विचारातून यावी. विचाराची जागा तिनं घेऊ नये. तेव्हा लेकराच्या उत्तरावर फुली मारण्याआधी त्याला जवळ बसवून एवढंच विचारा, "तू हे कसं काढलंस?" आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.