याकोब ब्रदरांची कोरी जागा

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाला जवसाच्या तेलाचा वास असतो, असं मला अजूनही वाटतं. खडकीच्या अलीकडे, जुन्या चिंचांच्या आड असलेल्या एका ख्रिस्ती मठाच्या व्हरांड्यात ब्रदर याकोब आपली ओली तैलचित्रं भिंतीला टेकवून ठेवत, आणि सकाळचं ऊन त्यांच्यावरून इतक्या सावकाश सरके की रंग वाळतो आहे की उजेडच साकळतो आहे, हे कळू नये. त्या उजेडात ते स्वतः उभे असत. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या झग्याच्या बाहीला निळा रंग पुसलेला, चिमटीत तपकीर. ती ओढली की त्यांचे डोळे मिटत, आणि शिंक येईपर्यंत अवघा व्हरांडा त्यांच्याबरोबर श्वास रोखून थांबे.

ते व्रतस्थ होते, पण फादर नव्हते. वेदीवर उभं राहून मिस्सा अर्पण करणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. वाट्याला आला होता घंटेचा दोर, बागेचं पाणी आणि मठाच्या प्रार्थनामंदिरासाठी चित्रं काढणं. नगरकडच्या ज्वारीच्या रानातून ते तरुणपणी पुण्यात आले आणि इथेच म्हातारे झाले, तरी बोलण्यातली ती माती कधी धुपली नाही. मी जवळच्याच शाळेत चित्रकला शिकवत असे. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसणं ही माझी देवपूजाच होती म्हणा, जरी माझे देव घरी वेगळे होते.

त्यांच्या मरियामातेला मंडईत कोथिंबीर विकणाऱ्या एका बाईचा चेहरा असे, ओठांच्या कोपऱ्यात भाव न उतरवण्याचा निश्चय असलेला. येशूच्या शिष्यांना फेटे असत. आणि सगळ्यांचे हात भलतेच मोठे.

“ब्रदर, हे हात आहेत की सुपं?” मी विचारी.

“नांगर धरलेले हात हायेत, सर. खडू धरलेले न्हाईत,” ते म्हणत, आणि पुन्हा तपकीर ओढत.

चित्रावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम होता. मठात स्वतःचं असं काही नसतं. पण प्रत्येक चित्रात ते नखाएवढी जागा कोरी ठेवत. कधी झग्याच्या काठाशी, कधी टाचेखाली, एकदा तर पेटत्या वातीच्या ऐन मध्यात. त्या जागी नुसतं उघडं कापड. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी कुंचला पुसून बाजूला ठेवला. “माझा बाप सोंगणी झाली की जोंधळ्याची चार ताटं तशीच उभी ठेवायचा,” ते म्हणाले. “पाखरांची म्हणायचा. ऱ्हाऊ द्या, सर. तेवढी जागा माझी न्हाई.”

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असावं.

एका शिशिरात, चिंचेची पानं धुळीसारखी अंगणभर झरत असताना, ब्रदर झोपेतच गेले. मठाच्या तेव्हाच्या प्रमुख फादरांनी चित्रांवरची धूळ पुसून ती नीटनेटकी करायचं काम विश्वासानं माझ्याकडे दिलं. मी आयुष्यभर मुलांना “पार्श्वभूमी पूर्ण करा” असं बजावलेला मास्तर. कागद कोरा दिसला की माझा हात शिवशिवे. त्या कोऱ्या जागा मी भरल्या. एकेक करून, त्यांच्याच डब्यांतल्या रंगांनी, अशा बेमालूम की मलाही त्या पुन्हा सापडू नयेत. लोक निष्काळजीपणा म्हणतील, मी त्यांची अब्रू राखतो आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण हलकं होतं. त्यांच्या चित्रांत माझाही हात कुठेतरी असावा, अशी मला हाव सुटली होती. फादरांनी माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

गेल्या महिन्यात आताच्या फादरांचा फोन आला. प्रार्थनामंदिराची दुरुस्ती निघाली आहे, भिंती कमी होणार आहेत. ब्रदरांची चित्रं तेवढी राहतील, बाकीची दूरच्या मठांत जातील. पण ब्रदरांचे शिष्यही अनेक. त्यांनी तीच मरिया, तेच फेटे, तेच सुपाएवढे हात गिरवले होते. एकानेही कोरी जागा मात्र गिरवली नव्हती. गुरुजी विसरले असं त्यांना वाटे. ब्रदरांचं चित्र ओळखण्याची ती एकच खूण होती.

मी मठात जाऊन फादरांना सारं सांगितलं. ते तरुण आहेत. त्यांनी एका चित्राच्या काठाला नख लावून पाहिलं. “खरवडून काढता येईल?”

“नाही. रंग कापडाच्या धाग्यात मुरलाय.”

“मग आठवून सांगा, सर. दुसरं कोण सांगणार?”

मी एकेका चित्रापुढे उभा राहिलो. वात आठवली. टाच आठवली. आठवलं तिथे बोट ठेवलं, आणि ती चित्रं राहिली. शेवटी कोथिंबीरवालीची मरिया आली, त्या भिंतीवरची सर्वांत सुंदर. तिच्यावर मी कुठे रंग लावला होता का? काठ पाहिले, पदर पाहिला. माझ्या मोतीबिंदूच्या धुक्यातून ती माझ्याकडे भाव ठरवल्यासारखी पाहत होती. काही आठवेना.

“हो म्हणा ना, सर,” फादर हळूच म्हणाले. “आम्हांला ती हवी आहे. आणि तपासायला कोण येणार आहे?”

हो म्हणणं किती सोपं होतं! तीही एक कोरी जागाच होती, आणि भरायला एक शब्द पुरत होता.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

फादरांनी मरिया भिंतीवरून उतरवली. दुपारी तिच्यासह न ओळखलेली सारी चित्रं गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढली आणि फाटकातून बाहेर पडली. भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. ऊन त्याच्यावर आलं, थोडा वेळ टेकलं आणि पुढे सरकलं. मी तिथेच बसून होतो. काळ आपल्या हाती गेलेल्या माणसाचं फार थोडं ठेवतो. जे ठेवत नाही, तिथे आपला रंग न भरता नुसतं पाहत राहता आलं, तर त्यालाही आठवणच म्हणत असावेत.