लग्नाचा पाव

एर्मितास मावशीचं लग्न ठरलं तेव्हाच तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "पाव आमच्याकडेच येणार हं. शेन्शो गाणार आहे आमच्या बाजूनं." वर अशा हसल्या की मावशीचा चेहरा उतरला.

स्पेनच्या गॅलिसिया भागातल्या कुठल्याही खेड्यात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या मांडवात गाड्याच्या चाकाएवढा गोड पाव ठेवतात आणि त्याच्यावरून दोन बाजूंचे गाणारे भांडतात. भांडतात म्हणजे कडवी रचतात, तिथल्या तिथे, समोरच्याची पार सालटी काढत. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. जिंकणाऱ्यानं पाव मोडायचा, वाटायचा. आणि मुलीकडच्यांनी आपल्याच दारात पाव गमावला, तर सासरी ते जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

शेन्शोसारख्या नावाजलेल्या गाणाऱ्यासमोर उभं राहायला मुलीकडून कुणीच तयार होईना. एकाचा घसा बसला, दुसऱ्याचा गुडघा दुखायला लागला. गाण्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध, देव जाणे.

"मी गाते," मावशीची भाची शियाना म्हणाली.

"तू?" मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मांजर म्हणालं की ट्रॅक्टर मी चालवते. "अगं, पंधरा वर्षांची पोर तू! तो तुला चावून थुंकेल."

"बघू ना, कोण कुणाला चावतं!"

शियानाला एक गोष्ट ठाऊक होती. शेन्शोकाकांची कडवी आभाळातून पडत नाहीत, ती ओब्दुलियाच्या गाडीतून येतात. ओब्दुलिया पाववाली रोज सकाळी नवऱ्याच्या आणि नवरीच्या, दोन्ही गावांत फिरते, दारोदारच्या पिशव्यांत पाव टाकते आणि कानोकानी बातम्या. शेन्शोकाका तिच्याकडून पाव एक घेतात आणि बातम्या डझनभर.

मग काय! शियाना आठवडाभर पाव घ्यायला स्वतः दारात.

"ओब्दुलियाताई, कुणाला सांगू नका हं, पण मला गाईंची इतकी भीती वाटते ना!"

"अगं बाई! नाही सांगत, नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी आवाज आणखी बारीक. "ताई, गणितात भोपळा मिळालाय. आईला कळलं तर मेलेच."

"माझ्या पोटात राहील हो," असं म्हणत ओब्दुलियानं गाडी अशी पिटाळली, की त्या दिवशी तीन घरांना पावच मिळाला नाही.

लग्नाच्या दिवशी जेवणं उरकली, खंजिरी वाजू लागली. शेन्शोकाका मिशा पुसत उठले आणि सुरू झाले:

"गाय जरा हंबरली की दाराआड लपते,
अशी भित्री पोर म्हणे गावाची अब्रू जपते!"

मुलाकडचे खिदळले. मुलीकडचे मात्र एकमेकांची तोंडं बघायला लागले. ही? गाईंना भिते? शियाना कमरेवर हात ठेवून पुढे आली:

"दूध काढून गाईंचं मी रोज शाळा गाठते,
भीती मला गाईंची नाही, बैलाची तेवढी वाटते!"

आणि बोट सरळ काकांच्या पोटाकडे. मांडव हसून लोळला. काकांनी घाईनं दुसरं काढलं, गणिताच्या भोपळ्याचं. शियाना तयारच होती:

"माझ्या बाई इथंच आहेत, विचारा गुण किती,
शिळ्या बातम्या विकताना कशी वाटली नाही भीती?"

बाईंनी उठून जाहीर केलं, "वर्गात पहिली आहे हो ती!"

काकांची नजर हळूहळू ओब्दुलियाकडे वळली. तिला एकाएकी ताटात उरलेला ऑक्टोपस फारच आवडायला लागला होता. काकांच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. ते रागावले नाहीत. हसले. आणि पुढचं कडवं काढलं:

"पेरून पेरून बातम्या पेरल्या, पीक आलं हाती,
आता पेरलेलं संपलं पोरी, उरली नुसती माती!"

हे तर खरंच होतं! तिच्याकडे पुढचं काहीच नव्हतं. खंजिरी वाजत होती, ती थांबली की संपलं. सासूबाई खुर्चीत सरसावून बसल्या. मावशीनं पदराचं टोक मुठीत आवळावं तसा आपला पांढरा झगा आवळला. डोकं रिकामं, नुसती माती, माती, माती… आणि शियानाचं तोंड आपोआप उघडलं:

"माती म्हणता काका, पण मातीतच येतो गहू,
पाहुणे तुम्ही दारचे, उपाशी कसं ठेवू?"

गाता गाताच तिनं पाव मोडला. जिंकायच्या आधी! काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिनं मुठीएवढा तुकडा आत कोंबला.

आता काका काय करणार? लग्नाचा पाव थुंकायचा? या गावात पाव खाली पडला तर उचलून त्याचा मुका घेतात! काका चावत राहिले. डोळे वटारून, गाल फुगवून, घाईघाईनं चावत राहिले. आणि खंजिरी थांबली.

"लबाडी!" सासूबाई ओरडल्या. "ही चक्क लबाडी आहे! शेन्शो, सांग की त्यांना!"

काकांनी घास गिळला, वर पांढऱ्या वाइनचा घोट घेतला. "लबाडी तर आहेच, वहिनी," ते म्हणाले. "मी असतो तर पहिल्याच कडव्याला कोंबला असता. पाव पोरीचा. आण गं, अजून एक तुकडा आण. बडीशेप मस्त पडलीय."

"मी नाही मानत!" सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच. "जन्मभर सांगेन मी, की आमचा पाव यांनी…"

शियाना पावाचा भलामोठा तुकडा घेऊन शांतपणे त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

सासूबाईंनी चटकन तोंड मिटलं. वरून हातही ठेवला.

एर्मितास मावशी तिथंच, नव्या सासूच्या डोळ्यांदेखत, पोट धरून हसत सुटली.