नोरीनचे कान

नोरीन गेली आणि घरातले कान गेले.

क्लाइव्हचे स्वतःचे कान कधीचेच निकामी झाले होते. वीजकेंद्रातल्या टर्बाइनपाशी उभी हयात काढली, त्या घरघरीतच ते विरून गेले. म्हणून कॉफी भाजताना हात त्याचे आणि कान बायकोचे, नोरीनचे, अशी दोघांची वाटणी होती. पेन्शनीत दुकानातली ताजी भाजलेली कॉफी परवडायची नाही. मग जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललेलं पाव मळायचं यंत्र, त्यात पापुआच्या डोंगरातलं कॉफीचं स्वस्त, कच्चं हिरवं बी, आणि वरून रंग खरवडायची गरम हवेची बंदूक. यंत्र ढवळत राही, बंदूक फुंकत राही. हिरव्याचं पिवळं होई, पिवळ्याचं दालचिनी होई, मग लाह्या फुटाव्यात तसं बी तडतडू लागे. नोरीन दोन बोटं वर करी. थोडं थांबून मूठ मिटी. मूठ मिटली की बंद.

आपल्या कॉफीपुढे मॉर्वेल गावातल्या प्रत्येक कॅफेतली कॉफी फिकी, असं ती म्हणायची. तो मान हलवायचा.

ती गेल्यावर त्याने एकदा एकट्याने भाजून पाहिली. श्रवणयंत्राचा आवाज पुरता चढवला, तर कानात नुसती बंदूकच घोंघावत राहिली. बी कोळसा झालं. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. झाडून गोळा केलं आणि टाकून दिलं. तेव्हापासून डब्यातली तयार पूड गरम पाण्यात ढवळून पीत होता. ती कशी लागते, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

शनिवारी नोरीनची बहीण व्हर्ना तिचे कपडे न्यायला आली. पिशव्या भरून झाल्यावर मागच्या शेडमध्ये डोकावली.

"हे यंत्रही टाकते गाडीत. यात जन्मात कुणी पाव केला नाही."

"थांब. एका घाण्यापुरतं बी उरलंय."

"मग?"

"मी भाजतो, तू ऐक. जमलं तर यंत्र राहू दे. नाही जमलं तर ने."

"मी डब्यातली पिणारी बाई, क्लाइव्ह. तुम्ही दोघं नाकं मुरडायचात ना माझ्या कॉफीला?"

"पिऊ नकोस. ऐक फक्त."

"काय ऐकू?"

"लाह्या फुटल्यासारखं."

"काय माणूस आहे. बहिणीचे झगे न्यायला आले, तर हा मला लाह्या ऐकायला बसवतोय."

नोरीन बसायची त्याच पालथ्या बादलीवर ती बसली. बंदूक सुरू झाली. व्हर्नाचे ओठ हलत होते. शेजारच्या कुत्र्याबद्दल असेल, नाहीतर पेट्रोलच्या भावाबद्दल. या बोलण्यात तडतड बुडून जाणार, हे त्याला कळत होतं. तरी गप्प बस म्हणावंसं वाटेना. बुडेना का.

बी दालचिनीच्या रंगाला आलं आणि तिचे ओठ थांबले. मान डावीकडे कलली. दोन बोटं वर झाली.

बोटांचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

तो बोटांकडेच पाहत राहिला. ती तशीच वर होती. मूठ कधी मिटायची, हे व्हर्नाला ठाऊक नव्हतं. ते आता त्यालाच ठरवायचं होतं. त्याने नाक पुढे केलं. आधी शेकलेल्या पावाचा वास. मग किंचित धुराचा. कित्येक दिवसांत त्याला कशाचा वास आला नव्हता.

त्याने बंदूक बंद केली. बी चाळणीत ओतून पाखडलं, तशी सोनेरी फोलपटं व्हर्नाच्या केसांत जाऊन बसली.

"बोटं का वर केलीस?"

"कधी? अच्छा, ते. आई करायची. रेडिओवर बातम्या लागल्या की आम्ही दोघींनी गप्प बसायचं." केस झटकत ती म्हणाली, "जमली ना? आण मग एक कप."

"आज नाही. आठवडाभर मुरावी लागते."

"एवढं राबवून घेतलंस आणि प्यायला नाही?"

"पुढच्या शनिवारी ये."

"मला दोन चमचे साखर लागते."

"नोरीन घालू द्यायची नाही."

"नोरीन नाहीये, क्लाइव्ह."

"घाल मग."

यंत्र तिथंच ठेवून ती पिशव्या घेऊन गेली. त्याने बरणीचं झाकण घट्ट लावलं, फोलपटं गोळा केली आणि नोरीन टाकायची तशी लिंबाच्या बुंध्याशी टाकली. मग तिथंच उभा राहून बोटं हुंगली. वास अजून होता.