माळ नको, दार लावा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, मुलींच्या वसतिगृहातल्या आठ कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा. नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात रेक्टरबाईंच्या कपाटावर माझी सात वर्षं गेली.

मला बसवलं कॅमेरेवाल्या अश्विनने. संस्थेचे सचिव जयरामभाऊ म्हणाले, "मला घरबसल्या मोबाईलवर दिसलं पाहिजे." इंटरनेटवरच्या यंत्राला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यातलं माझं एक दार अश्विनने जगाला उघडून दिलं. पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला, एक-दोन-तीन-चार. "नंतर बदलू," म्हणाला. ते नंतर आजतागायत आलं नाही.

पाण्याची मोटर चोरणारा माझ्यामुळे सापडला, तेव्हा काय माझं कौतुक! दर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. पासवर्ड मात्र तोच.

मग संगणक शिकवायला अंजली मॅडम आल्या. रेक्टर सुवर्णाताईंना विचारून त्यांनी घरून एक फुकट मिळणारं साधन चालवलं. ते एकेक दार ठोठावतं आणि कुठलं उघडं ते सांगतं. माझं उघडं निघालं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात लागला. समोर पडद्यावर, वसतिगृहाच्या व्हरांड्यात सुरगाण्याची रोशनी आईशी फोनवर बोलत रडत होती. मॅडमनी चित्र झटकन बंद केलं आणि माझ्या नोंदी उघडल्या. रोज कोण कोण परके येऊन बघून जात होते, ते सगळं तिथे होतं. मी हुकमाचा ताबेदार, कुणाला अडवणार?

मॅडमनी त्या नोंदी भाऊंना दाखवल्या, तर भाऊ मॅडमवरच उखडले. "मुलींकडे चोरून बघता? लाज नाही वाटत?"

"भाऊ, मी ताईंना विचारलं होतं."

सुवर्णाताई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मला नाही बाई आठवत."

"मला काढा हवं तर. पण आधी ते दार बंद करा. पोरी राहतात इथे."

"बंद केल्यावर मला कसं दिसणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मॅडमना त्याच दिवशी कामावरून काढलं. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो.

मित्रांनो, उघडं दार दाखवणाऱ्याला चोर म्हणू नका हो. आणि मला माळ नको, दार लावा.

काल दसरा झाला. माळ घालायला रोशनीलाच पाठवलं होतं. हात जोडून म्हणाली, "लक्ष ठेव रे बाबा आमच्यावर."

तेवढ्यात कुणीतरी परका एक-दोन-तीन-चार करत आत आला, आणि मी ती त्याला दाखवली.